कावळा शिवेपर्यंत

पिशवी स्टँडला अडकवून मीना सिस्टर नळीतली हवा काढत होती. हर्षालीनं सहज वर पाहिलं. ही पिशवी ती ओळखत होती. पांढरी, दुधासारखी, पण दुधाला जी थोडी पिवळसर झाक असते ती नसलेली. भिंतीला द्यायचा चुना पातळ करून भरावा तशी. मागच्या वर्षी आईच्या खाटेशेजारी तिनं ही पिशवी दिवसचे दिवस पाहिली होती. अतिदक्षता विभागात भेटायला जेमतेम काही मिनिटं मिळायची, आणि त्यातली निम्मी आईकडे बघवत नाही म्हणून ह्या पिशवीकडे बघण्यात जायची. तेव्हा तिला वाटायचं, ही वस्तू फक्त तिथे असते, त्या काचेच्या दाराआड. आज कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीतल्या ह्या छान थंडगार दवाखान्यात, फिकट गुलाबी भिंतीसमोर, तीच पिशवी तिच्या स्वतःच्या डोक्यावर लोंबत होती.

"भीती वाटते का, ताई?" मीना सिस्टरनं विचारलं. "काही होत नाही याला. हात जरा गार पडेल एवढंच."

"हे मी पाहिलंय आधी."

"मागच्या वेळी घेतलं होतं का? तुमच्या फाइलला दिसलं नाही."

"मी नव्हतं घेतलं," हर्षाली म्हणाली आणि हात पुढे केला.

शेजारच्या आरामखुर्चीत एक बाई अगोदरपासून पडून होती. तिच्याही हाताला तशीच नळी. हर्षालीची नळी सुरू झाली तशी ती कुशीवर वळली. "तुम्हाला पण दूध का? मी प्रतिभा. सातपूरला असतो आम्ही. आमचे हे म्हणतात, दूधबीध काही नाही, सोयाबीनचं तेल आणि अंड्यातला बलक आहे त्यात. म्हटलं, मग पाव घेऊन आले असते, आम्लेटच झालं असतं." ती स्वतःच हसली. "सासूला सांगितलंच नाही मी. माळकरी आहे ती. सुनेच्या शिरेतून अंडं चाललंय कळलं तर घर धुऊन काढील."

हर्षालीला हसू आलं, आणि हसू आल्याचं आश्चर्यही वाटलं. आईलाही अंड्याचं सांगितलं नव्हतं. आईचं आतडं ऑपरेशननंतर पुन्हा चाललंच नाही. तोंडानं पाण्याचा घोट नाही, म्हणून मानेतल्या नळीतून हे पांढरं जेवण. आई थोडी शुद्धीवर असायची तेव्हा पिशवीकडे बघत राहायची. निफाडकडच्या वस्तीवर म्हशींमध्ये आणि द्राक्षाच्या बागेत आयुष्य गेलेली बाई. "कुणाचं दूध हे?" तिनं एकदा विचारलं. कुणाचंच नाही गं, तेल आहे ते, हर्षाली म्हणाली होती. आईनं डोळे मिटले, आणि मेली का काय असं वाटावं इतक्या वेळानं म्हणाली, "तेल हाय व्हय? मंग वात लावा की मला. जळंन रातभर." पलीकडच्या खाटेजवळचा वॉर्डबॉय खो खो हसला होता. हर्षालीला मात्र ते बाहेर आल्यावर, पार्किंगमध्ये, हेल्मेट घालताना कळलं होतं, आणि मग हेल्मेटच्या आत ती किती वेळ रडत होती ते तिलाच ठाऊक.

थेंब पडत होते. नळीतल्या त्या छोट्या कोठडीत पांढरा थेंब लोंबायचा, जड व्हायचा, सुटायचा. तेव्हा तेल आईला जगवण्यासाठी होतं. आता तेच तेल तिच्या रक्तातल्या पहारेकऱ्यांना गुंगवण्यासाठी होतं. पहारेकरी हा डॉक्टरबाईंचा शब्द. तीनदा दिवस राहून गर्भ पडलेला, नंतर प्रयोगशाळेत तयार करून आत ठेवलेला दोनदा रुजलाच नाही, एवढं झाल्यावर बाईंनी कागदावर पेनानं एक गोल काढला होता, त्यात एक लहान गोल. बाळ निम्मं तुमचं असतं, निम्मं बाहेरचं. शरीराच्या पहारेकऱ्यांनी ते बाहेरचं निम्मं चालवून घ्यायला हवं. काही बायकांचे पहारेकरी फार कडक असतात. बाहेरचं म्हटल्यावर हर्षालीनं शेखरकडे पाहिलं होतं आणि शेखरनं तिच्याकडे. कारण शेखर काही बाहेरचा नव्हता. तो तिच्या सख्ख्या आत्याचा मुलगा. वत्सलाआत्यानं भावाची मुलगी हक्कानं मागून घेतली होती, आणि ह्या भागात मामाची मुलगी करण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. लहानपणी दोघं एकाच टोपल्यातली द्राक्षं खाऊन एकाच वेळी आजारी पडलेली. हे बाईंना सांगितल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हं. मग उलटंही असू शकतं. रक्त फार सारखं असेल तर पहारेकऱ्यांना कळतच नाही की कुणी आलंय. मग ते राखणही करत नाहीत." हर्षाली कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, तिला वाचल्याशिवाय राहवत नाही. रात्री तिनं शोधून शोधून वाचलं, तर दोन्ही गोष्टी सापडल्या. एका मताप्रमाणे शरीर परक्याला फार ओळखतं म्हणून मूल पडतं. दुसऱ्या मताप्रमाणे ओळखतच नाही म्हणून पडतं. आणि दोन्ही मतांखाली औषधांची नावं जवळजवळ तीच. तिनं लॅपटॉप मिटला. आपण एकाच वेळी फार कडक आणि फार बेसावध आहोत, ही गोष्ट तिला फारशी खोटीही वाटली नाही.

फोन थरथरला. वत्सलाआत्या. हर्षालीनं डाव्या हातानं कानाला लावला.

"चढलं का गं?"

"चढतंय, आत्या."

"हात हलवू नको. आन् घाबरू नको. वहिनीचं वर्षश्राद्ध पुढल्या महिन्यात, त्याच्या आत गोड बातमी लागती का नाय बघ. वहिनीच येतीया, मी सगळ्यास्नी सांगून ठिवलंय. हर्षे, जेवून गेलीस का?"

"हो. ठेवते, सिस्टर आल्यात."

सिस्टर आल्या नव्हत्या. प्रतिभानं एक डोळा उघडला. "सासू?"

"आत्या. म्हणजे सासूच."

"अरे बापरे. मग भांडायचं तरी कुठे जाऊन? माहेर पण तेच."

वहिनीच येतीया. हे वाक्य वर्षभर घरातून फिरत होतं. आधी दबक्या आवाजात, मग सणासुदीला, आणि आता फोनवर, हवामान सांगावं तसं. त्याची सुरुवात दहाव्याला झाली होती. गोदावरी तिथे वळण घेते, घाट नाही, नुसता खडकाळ उतार. सकाळचं ऊन चढायला लागलेलं. चुलतभावानं पाणी सोडलं, पिंड मांडले, दही-भात ठेवला, आणि सगळे पुरुष मागे सरले, त्यांच्या मागे बायका. पलीकडच्या बाभळीवर कावळे होते. चांगले सात-आठ होते. त्यांतला एकही उतरत नव्हता. गुरुजींना दुसऱ्या गावाला दुसऱ्या दहाव्याला जायचं होतं. ते मोबाईल काढून वेळ बघत होते. मग नेहमीचं सुरू झालं. मेलेल्याचं काय राहिलं ते ओळखायचं आणि मोठ्यानं कबूल करायचं. अण्णा, तिचे वडील, एरवी चारचौघांत घसा साफ करायलाही लाजणारे, पुढे झाले आणि नदीकडे बघून म्हणाले, "बाग तोडत नाय, बरं का. तुझ्या हातची हाय. राहू देतो." कावळे हलले नाहीत. कुणी म्हणालं, म्हशी इकणार नाय. कुणी म्हणालं, तिला भजी आवडायची, भजी ठेवा. कुणीतरी मोटारसायकलवर जाऊन भजी आणली. कावळ्यांनी भज्यांकडेही पाहिलं नाही. गुरुजी म्हणाले, नाहीतर दर्भाचा करू आणि शिववू. तेव्हा बायकांतून वत्सलाआत्या पुढे गेली. पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि खणखणीत म्हणाली, "वहिनी, तुझ्या लेकीची कूस उजवल्याबिगर मी डोळं मिटणार नाय. शबुद हाय माझा."

आणि कावळा उतरला. भाताच्या कडेला दोनदा चोच मारून त्यानं दह्यात पाय भरवला. मागून आणखी दोन आले. सगळ्या काठावर श्वास सुटला; कुणी नाक शिंकरलं, अण्णा पहिल्यांदा रडले, कुणी हसलंसुद्धा, आणि बायकांच्या नजरा, एकीमागून एक, हर्षालीच्या चेहऱ्यावर आल्या आणि तिथून खाली उतरून पोटावर थांबल्या. हर्षाली तशीच उभी राहिली. तिला ठाऊक असलेली गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती, आणि ती त्या कावळ्याच्या बरोबर उलट होती.

आई जाण्याच्या आधीची दुपार. आईचे दोन्ही हात कोपरापासून मनगटापर्यंत काळेनिळे झालेले. हर्षालीचेही; त्याच महिन्यात तिची इंजेक्शनं चालू होती, पोटाला जागा उरली नव्हती, रक्त तपासायला शीर सापडत नव्हती. आईनं तिचा हात ओढून आपल्या हाताशेजारी ठेवला. "सारखाच झाला की गं तुझा न् माझा," ती म्हणाली. मग बराच वेळ त्या दोन हातांकडे कुणा दुसऱ्याचे असावेत तसं बघत राहिली. "पुरं झालं, हर्षा. एवढं टोचून यायचं आसंल तर नको येऊ दे. मी बघितलं समदं. बास कर आता." हर्षालीनं हात तसाच राहू दिला. "आत्याला सांगू नको मी म्हनलं म्हणून," आई म्हणाली, "म्हणंल, भावजयीनं जाता जाता पाय ओढला." तेवढं बोलून तिनं डोळे मिटले. त्या दुपारी हर्षाली बाहेर आली ती हलकी होऊन. कुणीतरी सुट्टी द्यावी तशी. आईच्या आजारपणाच्या मधोमध आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय, ह्याची लाजही वाटली, पण वाटलं ते वाटलं.

आणि नंतर दहा दिवसांनी तो कावळा. माणूस मेल्यावर मन बदलतं का? की कावळ्याला भूक लागली होती? तिनं स्वतःला शंभर वेळा सांगितलं होतं की भूक लागली होती. पण दवाखान्याच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा तिनं नाही म्हटलं नाही. शेखरनं विचारलं, "करूया ना?" आणि ती म्हणाली, "करूया." एकच भ्रूण उरलं होतं, गोठवून ठेवलेलं. ते पुढच्या आठवड्यात आत ठेवायचं होतं. नवीन अंडी काढण्याएवढं शरीरात बळ राहिलेलं नाही, हे बाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणजे हे शेवटचं. रुजलं तर वहिनी आली, पडलं तर वहिनीला दिलेला शब्द मोडला. ह्या दोन्हींच्या मधे स्वतः हर्षाली कुठे उभी होती, हे तिला वर्षभर सापडलेलं नव्हतं. बसमध्ये, ग्रंथालयाच्या कपाटांच्या मधल्या बोळात, नाशिकरोडच्या बाजारात पालेभाजी निवडताना, तिला एकदम वाटायचं की आपण कुणाच्या तरी आतल्या खोलीत उगाच वावरतोय, आणि आता मालकीण येऊन विचारेल, तू कोण?

दार ढकलून डॉक्टरबाई आल्या. त्या एका हातात फोन घेऊनच फिरतात. "कसं वाटतंय?"

"ह्याचा खरंच उपयोग होतो?" हर्षालीनं विचारलं. तिला हे विचारायचं नव्हतं, विचारलं गेलं.

बाई थांबल्या. त्यांनी फोन खिशात टाकला, हे हर्षालीला आवडलं. "खात्रीनं नाही सांगता येत. काही पेशंटना घेतल्यावर राहिलं. न घेताही राहिलं असतं का, कोण सांगणार. पुरावा कच्चा आहे. जगात कित्येक ठिकाणी हे देतही नाहीत."

"मग तुम्ही का देता?"

"कारण नुकसान फारसं नाही. आणि खरं सांगू? तीन-चारदा गेल्यावर मी रिकाम्या हातानं पाठवलं तर तुम्ही दुसरीकडे जाल, तिथे आणखी काही देतील. काहीतरी केलं असं वाटावं लागतं. तुम्हालाही, मलाही." त्या प्रतिभाची नळी तपासायला वळल्या. "नको असेल तर सांगा. सक्ती नाही."

त्या गेल्यावर हर्षाली छताकडे बघत राहिली. आधी रक्त पातळ करायची इंजेक्शनं झाली, मग त्या कडू पांढऱ्या गोळ्या, ज्यांनी चेहरा सुजला. मग शेखरच्या रक्तातल्या पेशी तिच्या हाताच्या कातडीत टोचणारे मुंबईचे एक डॉक्टर, ज्यांच्याकडे ते जाता जाता राहिले. आता हे तेल. बाग तोडत नाय. म्हशी इकणार नाय. भजी ठेवा. तिला दिसलं की आपण वर्षभर, कितीतरी वर्षं, त्याच काठावर उभ्या आहोत, आणि पांढरे कोट घातलेली, पदर घेतलेली, चांगली, आपल्यावर जीव असलेली माणसं एकेक पुढे होऊन काहीतरी कबूल करतायत, आणि बाभळीवर काही हालत नाही.

शेखर तीनच्या सुमारास आला. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातली पहिली पाळी संपवून तो सरळ येतो. कॉलरच्या आतल्या कडेला कोळशाची बारीक काळी रेघ राहतेच, कितीही धुतलं तरी. प्रतिभाची पिशवी संपली होती आणि ती जाता जाता म्हणाली, "या, बसा, खुर्ची गरम आहे. आणि ताई, माझं राहिलं तर मी पेढे तुमच्याच घरी आणीन, पत्ता सिस्टरकडे ठेवा." ती गेल्यावर खोली एकदम मोठी झाली. शेखर प्रतिभाच्या खुर्चीवर बसला आणि पिशवीकडे बघून नजर खाली घेतली. त्यालाही ओळख पटली होती हे हर्षालीला कळलं. आईसाठी रात्री दवाखान्यात तोच थांबायचा.

"शेखर," ती म्हणाली, "आई मला बास कर म्हणाली होती."

तो पुढे वाकला.

"शेवटच्या दुपारी. नको येऊ दे म्हणाली. आत्याला सांगू नको म्हणाली. म्हणून मी कुणालाच नाही सांगितलं."

शेखरनं दोन्ही तळवे गुडघ्यांवर घासले. कोळशात काम करणाऱ्या माणसाची सवय. बोलण्याआधी हात पुसायचे. "मला मामी उलटं म्हणाली होती."

"काय?"

"त्याच रात्री. तू घरी गेलेलीस. मला म्हणाली, तिला सोडू देऊ नको. ती दमलीया, रागात नको म्हणंल. तू म्हणत जा, आजून एकदा. तूच म्हण, आईकडून म्हणू नको. मला वाटलं, तुलाही तेच म्हणाली असेल. म्हणून मी दर वेळी, करूया ना, करूया ना..." त्यानं पुन्हा तळवे घासले. "मला पण नको झालं होतं गं मधे."

हर्षाली आधी रागावली. मग तो राग कुणावर ते कळेना. एका दिवसात, एका तोंडानं, एकीला थांब आणि एकाला थांबू नको. औषधांच्या गुंगीत? की जाणूनबुजून? आई अण्णांना वर्षानुवर्षं सांगायची, तोडा एकदाची ती बाग, जीव खाल्ला हिनं; आणि शेजारच्या मळ्यातल्या बाईला सांगायची, बागंला हात लावला तर मी धन्याला घरात घेणार नाय. दोन्ही वेळी तिला तेच खरं वाटत असायचं. दमलेल्या माणसाला ती दम खा म्हणायची, कचरणाऱ्याला पुढे हो म्हणायची. म्हणजे आई काही सांगून गेलीच नव्हती. ज्याला जे हवं ते तिनं हातावर ठेवलं, जाताना, घरातली भांडी वाटावीत तसं. हर्षाली खुर्चीत मागे टेकली. इतके दिवस ती आईच्या त्या 'बास'च्या मागे लपत होती, आणि पुढून आत्याचा शब्द तिला ढकलत होता, आणि दोन्ही हातांनी धरल्यामुळे ती उभी होती. आता दोन्ही सुटले. पडायला हवं होतं. ती पडली नाही. तिनं आत चाचपून पाहिलं, अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसं, नको कुठे आहे. आणि तिला नको सापडलं नाही. जे सापडलं ते इतकं उघडं आणि इतकं हावरं होतं की तिला शेखरसमोर अंगावर पदर ओढून घ्यावासा वाटला. तिला मूल हवं होतं. आईसाठी नाही, आई म्हणून परत येणारं नाही. ज्याला आधी कधीच कुणी पाहिलेलं नाही असं, पूर्ण अनोळखी, कुणाचीही जागा न भरणारं. मागचं गेल्यावरही ती कितीतरी दिवस बस सिग्नलला थांबली की पोटावर हात ठेवायची. कुणी बघितलं तर पर्स सावरल्यासारखं करायची. हवं होतं म्हणून तर ते मागायला तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. न मागितलेलं नाकारता येत नाही.

"मला हवंय," ती म्हणाली.

शेखरनं वर पाहिलं.

"मला. पुढच्या आठवड्यात ठेवूया. राहिलं नाही तर मग नाही. पण हे नको," तिनं पिशवीकडे मान केली. "सिस्टर."

मीना सिस्टर आली. "अजून अर्धी आहे, ताई."

"काढा. डॉक्टर म्हणाल्यात सक्ती नाही."

"फेकून द्यावी लागेल हो."

"द्या."

मीना सिस्टर बाहेर जाऊन विचारून आली, मग तिनं नळी बंद केली, सुई काढली, कापूस दाबला. "दाबून धरा," ती म्हणाली, आणि हळू आवाजात, "मी तुमच्या जागी असते तर पूर्ण घेतली असती. पण मी तुमच्या जागी नाही." हर्षालीनं कापूस दाबून धरला. बाहेर गल्लीत आल्यावर ऊन डोळ्यांवर आलं. फेब्रुवारीचं, अजून न पोळणारं. कोपऱ्यावर हातगाडीवर काळी द्राक्षं रचलेली. शेखर मोटारसायकल काढायला गेला, आणि तिनं आत्याला फोन लावला.

"झालं का गं? पुरं चढलं?"

"आत्या, ऐक. पुढच्या आठवड्यात ठेवणार आहेत. तू येऊ नको. आणि कुणाला सांगू पण नको. गावात नको, भावकीत नको."

"आगं पण वहिनीला मी शबुद दिलाय. कावळा शिवलाय."

"तो शब्द तुझा आहे, आत्या. हे माझं आहे. झालं तरी माझं, नाही झालं तरी माझंच. आई येणार नाहीये. आलं तर दुसरंच कोणीतरी येईल."

पलीकडे बागेत तोडणी चालली असावी. क्रेट आपटल्याचे आवाज येत होते, कुणी बाई कुणाला हाक मारत होती. आत्याचा आवाज एकदम खाली आला. दहाव्याला काठावर खणखणीत बोललेली बाई.

"रागावलीस व्हय माझ्यावर?"

"नाही."

"मंग आवाज का आसा येतोय तुझा?"

"मला भीती वाटतीय," हर्षाली म्हणाली. आणि म्हणाली तेव्हा तिला कळलं की आईच्या खाटेपासून आजपर्यंत हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, शेखरलाही नाही.

"मला बी वाटतीया," आत्या म्हणाली. "लय."

शेखर मोटारसायकल घेऊन समोर येऊन थांबला होता. त्यानं इंजिन बंद केलं. फोन कानाला तसाच होता, पलीकडून आत्याचा श्वास ऐकू येत होता, आणि दोघींपैकी कुणीच फोन ठेवत नव्हतं.